सरासरी माणसाचं मनगट

सदर इसम: पुरुष, वय वर्षे सत्तेचाळीस. पद: परीक्षण-चालक (सर्वसाधारण), श्रेणी तीन. उंची एकशे सहासष्ट सेंटिमीटर, वजन अडुसष्ट किलो, बाहूंची लांबी मध्यम, पायांची लांबी मध्यम, दंड, हात व मनगटाचा घेर मध्यम, पकड मध्यम, पाठ मध्यम, स्वभाव नोंद करण्याजोगा नाही. सदर इसम हा रोजच्या वापरासाठी दुचाकी बाळगणाऱ्या सर्वसामान्य ग्राहकाचा अधिकृत प्रतिनिधी असून, कारखान्यातून बाहेर पडणारी कोणतीही नवी गाडी रोजच्या वापरास योग्य असल्याचे सदर इसमाने लेखी कळवल्याखेरीज ती तशी समजली जाणार नाही.

हे वर्णन मोटारसायकलच्या एका कारखान्यातल्या हिरव्या फायलीत एकोणीस वर्षं पडून होतं, दर वर्षी त्यातलं वय तेवढं बदललं जाई, आणि ज्याचं होतं त्याला ते तोंडपाठ होतं. कारखान्यात त्याला सगळे मध्यमराव म्हणत. एकोणीस वर्षांपूर्वी गाडी चालवता येणाऱ्या प्रत्येक कामगाराची अकरा मापं घेतली गेली, त्यांची सरासरी काढली गेली आणि त्या सरासरीच्या सर्वांत जवळ जो सापडला त्याला स्टोअरमधून उचलून परीक्षण विभागात बसवलं गेलं. माणसं गुणांवर निवडली जातात, वशिल्याने निवडली जातात. कशातच पुढे नाही या एकाच कारणासाठी निवडला गेलेला माणूस मात्र विरळा. मध्यमरावांना त्याचा गर्व चढला. पुढे गेलेल्यांचा गर्व वयाबरोबर उतरतो. मधोमध उभं राहिलेल्याचा उतरायला जागाच नसते.

पद टिकवायची अट एकच होती. अकरांपैकी दोन मापं ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेली की पद गेलं आणि माणूस परत स्टोअरमध्ये, नटबोल्ट मोजायला. म्हणून मध्यमराव रोज सकाळी वजनकाट्यावर उभे राहत. कुणाकडे जेवायला गेले तर दुसऱ्यांदा वाढू देत नसत आणि यजमानीण आग्रह करू लागली की ताटावर हात धरून सांगत, "वहिनी, हा नोकरीचा प्रश्न आहे." लोक हसत. त्यांना तो विनोद वाटे.

काम असं. नवी गाडी तयार होऊ लागली की तिचा एक नमुना मध्यमरावांनी रोज घरी न्यायचा, रोज कामावर आणायचा, तिच्यावरून दळण-किराणा-बँक करायची, बायकोला मागे बसवायचं आणि महिनाअखेरीला तक्रारींचा तक्ता भरून द्यायचा. तक्ता भरताना त्यांच्या लेखणीला धार येई. माणसाने एकोणीस वर्षं तक्रार हाच धंदा केला की त्याला जगात आपण सोडून सगळेच बेजबाबदार दिसू लागतात, आणि मध्यमरावांना ते दिसत होते. ग्राहकांबद्दल त्यांचं मत असं की हे लोक शर्यतीची गाडी घेतात आणि तिच्यावरून दुधाच्या पिशव्या आणतात. ट्रॅकवाल्यांबद्दल, म्हणजे कारखान्यामागच्या गोल रस्त्यावर दिवसभर वेग मोजत बसणाऱ्यांबद्दल, त्यांचं मत त्याहून वाईट होतं. ट्रॅकवाल्यांच्या जगात लाल दिवा नाही, खड्डा नाही, रिक्षा नाही आणि मागे बसलेली बायकोही नाही. असल्या जगात गाडी कुणीही बनवील.

या ट्रॅकवाल्यांचे मुख्य म्हणजे सेकंदसाहेब. ते कोणे एके काळी एका मोठ्या शर्यतीत तिसरे आले होते. पहिला आलेला माणूस शर्यत विसरू शकतो; तिसऱ्याला ती सोय नसते. साहेब गेली वीस वर्षं खुर्चीत बसून होते, पण बोलत अजून सेकंदांत. जेवायला किती वेळ लागेल असं विचारलं तर सातशे वीस म्हणत.

तर त्या वर्षी कारखान्याने मधल्या ताकदीची स्पोर्ट गाडी काढायचं ठरवलं. साडेसहाशे सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, पोटाखाली घेतलेला सायलेन्सर, चेहरा रागीट. जाहिरातवाल्यांनी गाडी होण्याआधीच ओळ लिहून ठेवली होती: सोमवारी ऑफिस, रविवारी ट्रॅक. मध्यमरावांनी ती वाचली आणि रविवारी आपण काय करतो ते आठवून पाहिलं. रविवारी ते माळ्यावरची टाकी धूत.

पहिल्या महिन्याच्या तक्त्यात एक्केचाळीस तक्रारी होत्या. हँडल इतकं खाली की लाल दिव्याला थांबल्यावर सगळं अंग मनगटांवर येतं. फूटरेस्ट इतके मागे-वर की गुडघे कुणाचे आहेत असा प्रश्न पडतो. क्लच दाबणे हा स्वतंत्र व्यायाम आहे. आरशात मागची वाहने दिसत नाहीत, चालकाची कोपरे मात्र उत्तम दिसतात. रेडिएटरची हवा उजव्या पोटरीवर येते. थंडीत सोय, एरवी शिक्षा. इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या खाली चालत नाही, उपकार करते. त्या वर एकदम अंगात आल्यासारखे पुढे झेपावते, म्हणजे धरलं तर चावतं सोडलं तर पळतं. गल्लीत गाडी वळवण्यासाठी गल्ली रुंद करावी लागेल. मागील आसन टपालाच्या तिकिटाएवढे असून त्यावर बायको बसवणे हा अपमान आहे. कोणाचा, ते ठरवता आले नाही.

शेवटची तक्रार अक्षरशः खरी होती. मध्यमरावांची बायको गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापणी विभागात होती आणि वाटेवर म्हणून रोज मागे बसून जाई. चौथ्या दिवशी ती उतरली, कंबरेवर हात ठेवून गाडीकडे नीट पाहिलं आणि उद्यापासून आपण चालत जाणार असल्याचं कळवलं.

सेकंदसाहेबांच्या विभागाने एक्केचाळीसपैकी नऊ गोष्टी दुरुस्त केल्या, त्यातल्या सहा स्क्रू घट्ट करण्याच्या होत्या. उरलेल्या बत्तीस तक्रारींपुढे शेरा पडला, "नोंद घेतली." कारण हँडल पस्तीस मिलिमीटर वर घेतलं की वारा छातीवर येतो, साखळीच्या मागच्या चक्राला दोन दाते वाढवले की वरचा वेग जातो आणि ट्रॅकवरची एक फेरी बहात्तर सेकंदांच्या वर जाते. साहेबांच्या लेखी बहात्तरच्या वर फक्त म्हातारपण होतं.

पुढच्या महिन्यांचे आकडे मात्र सुधारत गेले. एकतीस. एकोणीस. आठ. पाचव्या महिन्यात दोन, आणि त्यातली एक आरशातल्या कोपरांची. साहेबांनी त्याचा आलेख काढून भिंतीवर लावला. रेघ डावीकडून उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली येत होती, आणि बैठकीला येणारा प्रत्येक जण ती पाहून मान डोलवायचा. मध्यमरावांनीही डोलवली. अखेर या लोकांना आपण माणसांत आणलं, असं त्यांना वाटलं. सहाव्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्यांनी योग्यतेच्या दाखल्यावर सही करायची आणि गाडी बाजारात जायची, असं ठरलं.

त्या गुरुवारच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी मध्यमरावांना शर्टाच्या उजव्या बाहीचं बटण लागेना. बायकोने दोनदा ओढून पाहिलं. मग तिने गळ्यातली टेप काढली. ती कामावरून आली तरी टेप गळ्यातच असे.

"अहो, हात सरळ करा."

"आटलं असेल कापड."

"मी कापलेलं कापड आटत नाही," ती म्हणाली. तिने मनगट मोजलं, कोपराखाली मोजलं, दुसरा हात मोजला, परत पहिला मोजला. उजवा पाऊण इंच वाढला होता, डावा अर्धा. तिला त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. हल्ली यांनी बंद केलेला नळ आपल्याला उघडत नाही, शेजारच्या वहिनींना बोलवावं लागतं, हे ती दोन महिने सांगत होती. मध्यमरावांनी ते ऐकलं होतं आणि नळाबद्दलची तक्रार म्हणून नोंद घेतली होती.

ते काट्यावर उभे राहिले. अडुसष्ट. वजनावर नजर ठेवून ठेवून एकोणीस वर्षं घालवली आणि चोर हाताच्या वाटेने आत आला.

तरी मन मानेना. रविवारी बायकोचा धाकटा भाऊ आला. हा विम्याच्या ऑफिसात कारकून, अंगाने मध्यम, अकलेने थोडा खाली आणि या गाडीवर जीव टाकून बसलेला. नमुन्याच्या गाडीला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही असा नियम होता. मध्यमरावांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली. फाटकातून बाहेर, चौकापर्यंत आणि परत, एवढंच.

गाडी फाटकातच दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा ती अशी उसळली की कठड्यावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी पाय वर घेतले. वीस मिनिटांनी मेहुणा परत आला तो गाडी ढकलत. चौकात वळता आलं नव्हतं आणि मागून सगळे भोंगे वाजवत होते. आत येऊन तो बसला आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरून पाहू लागला, कारण बोटांना कप जाणवत नव्हता.

"भाऊजी, गाडी मस्त आहे," तो म्हणाला. "फक्त उतरल्यावर."

मध्यमराव म्हणाले की हे काहीच नाही, पहिल्या महिन्यात याहून वाईट होती, आता फार सुधारली आहे.

"गाडी कुठे सुधारली?" बायको म्हणाली. "तुम्हीच निबर झालात."

सोमवारी मध्यमरावांनी बदलांची वही मागवली. गाडीत केलेला प्रत्येक बदल तारखेनिशी त्यात लिहिला जात असे. दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत नऊ नोंदी होत्या. त्यानंतर दोन: टाकीवरचं स्टिकर चार मिलिमीटर मागे घेतलं आणि आरशाच्या दांड्या काळ्या केल्या. बस. चार महिने गाडी होती तशीच होती. भिंतीवरची ती घसरगुंडी गाडीची नव्हतीच. मध्यमरावांचं मनगट कसं जाड होत गेलं याचा तो आलेख होता, आणि चार महिने अख्खा विभाग त्याला पाहून मान डोलवत होता. कारखान्याने मोजपट्टीने गाडी मोजली, मोजता मोजता मोजपट्टी ताणली गेली आणि गाडी आखूड निघाली म्हणून सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.

आता करायचं काय? सही केली तर कुणालाच कळणार नव्हतं. वार्षिक मापं व्हायला सात महिने होते. तोवर जुनी साधी गाडी चालवली असती तर हात कदाचित पुन्हा उतरलेही असते. सही नाकारून कारण सांगितलं, तर मनगटाचा घेर आणि पकड, दोन मापं पट्ट्याबाहेर, आणि स्टोअर. मध्यमराव तीन दिवस विचार करत होते. ग्राहकांची त्यांना कीव आली असं म्हणणं खोटं ठरेल. त्यांना झोंबली ती दुसरीच गोष्ट. ज्या ट्रॅकवाल्यांच्या मनगटांना ते एकोणीस वर्षं हसले, नेमकी तीच मनगटं त्यांच्या बाह्यांतून बाहेर आली होती. अपघाताने मिळालेल्या मध्यमपणावर माणूस किती जीव लावू शकतो हे पाहायचं असेल तर त्या तीन दिवसांत त्यांना पाहायला हवं होतं. ते जिना चढताना कठडासुद्धा हलक्या हाताने धरत होते.

गुरुवारी ते साहेबांच्या खोलीत गेले. टेबलावर दाखला तयार होता, पेनाचं टोपणही काढून ठेवलं होतं.

"साहेब, सही होणार नाही."

साहेबांनी भिंतीकडे बोट केलं. तक्रारी दोनच उरल्या होत्या.

"गाडीच्या तक्रारी होत्या तशाच आहेत. मलाच त्या होईनाशा झाल्यात. मी आता मध्यम राहिलो नाही."

"मग काय झालात?"

"तुमच्यासारखा."

साहेबांना ती स्तुती वाटली, म्हणून पुढचं संभाषण बराच वेळ शांतपणे चाललं. मध्यमरावांनी वही दाखवली, हात पुढे केले, मेहुण्याचा प्रसंग नियमभंगासकट सांगितला. साहेबांनी आधी समजावलं, मग स्टोअरची आठवण करून दिली. मग एका सहीने काय आकाश कोसळतं असं विचारलं. मध्यमरावांनी पेनाला टोपण लावून ठेवलं आणि ते बाहेर आले. दाराबाहेर त्यांच्या लक्षात आलं की आपण आता कुणीच नाही.

पद रिकामं झालं की काय करायचं ते हिरव्या फायलीत लिहिलेलं होतं: गाडी चालवण्याचा परवाना असलेल्या सर्व कर्मचाऱ्यांची मापं नव्याने घ्यावीत आणि सरासरीच्या सर्वांत जवळच्या व्यक्तीने दोन आठवडे गाडी वापरून निर्णय द्यावा. तसं परिपत्रक निघालं. साहेबांनी ते इतर चाळीस कागदांबरोबर सही करून खाली पाठवलं. "सर्व" या शब्दात आपणही असतो ही शंका मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाला सहसा येत नाही.

दोनशे बारा माणसं दवाखान्याबाहेर रांगेत उभी राहिली. कारखान्याच्या डॉक्टरीणबाई टेप, काटा आणि मुठीत दाबायचं ते स्प्रिंगचं यंत्र घेऊन बसल्या होत्या. साहेबांची पाळी आली तेव्हा त्यांनी छाती पुढे काढली.

"साहेब, श्वास सोडा," बाई म्हणाल्या. "पोट आत घेऊन सरासरी बदलत नाही."

शनिवारी निकाल लागला. दोनशे बारांमध्ये सर्वांत मध्यम माणूस म्हणजे सेकंदसाहेब. उंची मध्यम, पाठ मध्यम, पकड मध्यम. शर्यतीत तिसरं आलेलं शरीर खुर्चीने वीस वर्षांत, एकही सुटी न घेता, बरोबर मधोमध आणून ठेवलं होतं. साहेबांनी फेरमोजणी मागितली. फेरमोजणीत ते मध्याच्या आणखी जवळ निघाले.

पुढच्या सोमवारी साहेबांनी चारचाकी घरी ठेवली आणि अकरा किलोमीटर आपणच बनवलेल्या गाडीवरून आले. किती सेकंद लागले ते त्यांनी सांगितलं नाही. मंगळवारी ते उजवा पाय किंचित बाहेर टाकत चालत होते. बुधवारी कारखान्याच्या फाटकातच त्यांना वळता येईना, पहारेकऱ्याने गाडी मागून धरून ओढली आणि वर विचारलं, "साहेब, उतरता का? सोपं पडेल." गुरुवारी साहेबांनी बैठक बोलावली आणि आपल्याला एक कल्पना सुचल्याचं जाहीर केलं. हँडल पस्तीस मिलिमीटर वर घ्यावं.

मग कल्पना सुचतच गेल्या. मागच्या चक्राला दोन दाते वाढले. पहिल्या तीन गिअरमध्ये थ्रॉटल मऊ झाला, त्यामुळे इंजिन अडीच हजार फेऱ्यांवरसुद्धा माणसासारखं चालू लागलं. क्लचच्या स्प्रिंगा हलक्या झाल्या, गरम हवेला खाली वाट मिळाली, फूटरेस्ट पुढे आले, सस्पेन्शन खड्ड्याला खड्डा म्हणू लागलं. दोन आठवड्यांत एकूण एकोणतीस कल्पना, आणि एकोणतीसही बत्तीस नामंजूर तक्रारींतल्याच. जे पाच महिने शास्त्राने अशक्य होतं ते साहेबांच्या पोटरीला चटका बसताच शक्य झालं. मागच्या आसनाचं मात्र कुणाला सुचलं नाही. साहेबांची बायको त्यावर बसली नव्हती.

आता प्रश्न ट्रॅकचा. मध्यमरावांना स्टोअरमध्ये पाठवण्याआधी डॉक्टरीणबाईंनी त्यांचा कागद पाहिला आणि कळवलं की हे हात ट्रॅक विभागाच्या पट्ट्यात चपखल बसतात. ट्रॅकवर चालकाची जागा रिकामी होती. मध्यमरावांना विचारण्याची पद्धत कधीच नव्हती. त्यांना चामडी सूट चढवून गोल रस्त्यावर सोडण्यात आलं.

नव्या रचनेत एका फेरीला सव्वा सेकंद जास्त लागला. मात्र वीस फेऱ्या मारून पाहिल्या तेव्हा उलटंच निघालं. जुन्या रचनेत चालक दहाव्या फेरीपासून दमायचा, वळणात उशिरा झुकायचा, आणि शेवटच्या फेऱ्या पंचाहत्तरच्या वर जायच्या. नव्या रचनेत विसावी फेरी पहिलीसारखीच आली. वीस फेऱ्यांचे मिळून बारा सेकंद वाचले. चालकाला छळत नाही ती गाडी चालकाकडून जास्त काम करून घेते, हे पाच महिन्यांपूर्वी एक्केचाळीस वाक्यांत लिहून दिलेलं होतं. साहेबांनी त्याचा नवा आलेख काढला आणि खाली स्वतःचं नाव घातलं.

गाडी खपली. वेग आणि रोजची सोय यांचा समतोल साधल्याबद्दल साहेबांना चौकटीतलं प्रशस्तिपत्र मिळालं. त्यांनी एक आठवडाभर वाट पाहिली आणि सर्वसाधारण चालकाचं पद आपल्या सचिवाकडे वर्ग केलं. त्याच्या परवान्याची मुदत संपलेली होती, पण मापं जवळपास बसत होती.

मध्यमराव ट्रॅकवाल्यांत बसू लागले. तिथले लोक वाईट नव्हते, आणि हेच त्यांना सहन होईना. तिथल्या तक्त्यात रकाना एकच, सेकंदांचा. पहिल्या दिवशी त्यांनी समासात लिहिलं की हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते. परत आलेल्या कागदावर समास कापलेला होता. ते आता दुपारी जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतात आणि नव्या गाड्यांना नावं ठेवतात. ती कुणी लिहून घेत नाही.

हिरव्या फायलीत त्यांचं जुनं पान काढून नवं लावलं आहे. सदर इसम: पुरुष, वय वर्षे अठ्ठेचाळीस. पद: परीक्षण-चालक (विशेष), श्रेणी तीन. सदर इसमास दुचाकीच्या दैनंदिन वापराचा एकोणीस वर्षांचा अखंड अनुभव असून, या विषयातील त्याचे मत अधिकृत समजण्यात यावे.

ट्रॅकच्या गाड्या फाटकाबाहेर नेता येत नाहीत. मध्यमराव कामावर बसने येतात. त्यांच्या स्वतःच्या नावावर आजवर एकही दुचाकी झालेली नाही.